पहिली दुर्बीण निवडताना: ‘किती पट?’ याआधी ‘व्यास किती?’ हे विचारा

दुर्बीण विकत घेण्यासाठी दुकानात किंवा ऑनलाइन शोध सुरू केला की खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत दिसतो तो ‘५२५ पट’ असा एखादा आकडा. तो कसा तयार होतो हे एकदा समजून घेतले, की पुढची निम्मी निवड सोपी होते. समजा, दुर्बिणीच्या पुढच्या मुख्य भिंगाचा व्यास ७० मिमी आहे आणि तिचे नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंथ, ७०० मिमी आहे. दुर्बीण किती पट मोठे दाखवते हे काढण्यासाठी या ७०० ला आयपीसच्या, म्हणजे ज्यातून आपण पाहतो त्या छोट्या भिंगाच्या, फोकल लेंथने भागायचे असते. खोक्यात ४ मिमीचा आयपीस असतो. ७०० भागिले ४ म्हणजे १७५ पट. सोबत प्रतिमा तिप्पट करणारे बार्लो भिंग असते. १७५ गुणिले ३ म्हणजे ५२५. गणितात काहीही चूक नाही. मात्र या ५२५ पटीने गुरू पाहायला गेल्यास पट्टे, उपग्रह यांपैकी काहीच धड दिसत नाही. दिसतो तो एक मोठा, मळकट, सतत थरथरणारा गोळा, आणि तोही काही सेकंदांत दृष्टिक्षेत्राबाहेर निघून जातो. ७० मिमी व्यासाच्या भिंगाने जेवढा प्रकाश आणि जेवढा तपशील गोळा केला, तेवढाच ५२५ पटींवर ताणून पसरवलेला असतो. त्यात नवीन काही येत नाही.

प्रकाश आणि तपशील किती गोळा होतो हे ठरवणारी गोष्ट म्हणजे अपर्चर. दुर्बिणीच्या मुख्य भिंगाचा किंवा मुख्य आरशाचा व्यास म्हणजे अपर्चर. आयपीस, स्टँड बदलता येतात, पण अपर्चर बदलता येत नाही. बहुतेक दुर्बिणींवर फोकसरजवळ, म्हणजे प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी फिरवायच्या चाकाजवळ, किंवा भिंगाच्या कड्यावर एक छोटी पट्टी असते आणि तिच्यावर ‘डी ७०, एफ ७००’ अशा प्रकारचे दोन आकडे इंग्रजीत छापलेले असतात. पहिला व्यास, दुसरा फोकल लेंथ. खरेदीपूर्वी सर्वप्रथम ही पट्टी वाचावी. व्यावसायिक खगोलशास्त्रात तर दुर्बिणीची ओळखच व्यासाने सांगतात: पुणे जिल्ह्यातील गिरवली येथील आयुका या खगोलसंशोधन संस्थेची दुर्बीण २ मीटरची, तमिळनाडूतील कवलूरची वेणू बाप्पू दुर्बीण २.३४ मीटरची, उत्तराखंडातील देवस्थळची ३.६ मीटरची. पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात (तेव्हाचे कॉलेज ऑफ सायन्स) १८८८ ते १९१२ या काळात कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या देखरेखीखाली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा चालत होती. तिथली २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी मानली जाई, आणि हे ‘मोठेपण’ही आरशाच्या व्यासाचेच होते. यांपैकी कोणतीही दुर्बीण किती पटीची आहे, असे खगोलशास्त्रज्ञ विचारत नाहीत.

अपर्चरमुळे नेमके काय मिळते

पहिली प्राप्ती प्रकाशाची. अंधाराला पूर्ण सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिमी उघडते. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात गोळा होत असल्यामुळे ७० मिमीची दुर्बीण डोळ्याच्या शंभर पट प्रकाश गोळा करते, ११४ मिमीची सुमारे २६५ पट, १३० मिमीची सुमारे ३४५ पट, १५० मिमीची ४६० पट, आणि २०० मिमीची ८०० पटींहून थोडा अधिक. हा वर्गाचा हिशेब नीट लक्षात ठेवावा, कारण खरेदीत तो पदोपदी उपयोगी पडतो. ७० ऐवजी ८० मिमीची दुर्बीण घेतली तर प्रकाश तीस टक्क्यांनी वाढतो, जो डोळ्याला जेमतेम जाणवतो. ७० ऐवजी १३० मिमीची घेतली तर तो जवळजवळ साडेतीन पट होतो, आणि हा फरक पहिल्याच रात्री, पहिल्याच तारकागुच्छावर उघड दिसतो. म्हणून दोन दुर्बिणींच्या व्यासात दहा-बारा मिलिमीटरचाच फरक असेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजण्याऐवजी ज्या दुर्बिणीचा स्टँड अधिक भक्कम ती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा फरक शौरी तारकासमूहातील एम १३ या गोलाकार तारकागुच्छावर फार सुंदर दिसतो. ७० मिमीच्या दुर्बिणीतून तो कापसाच्या लहानशा बोंडासारखा, मध्यभागी उजळ आणि कडेला विरत गेलेला दिसतो. कितीही वेळ पाहिले तरी त्यात तारे सुटे होत नाहीत. त्याच रात्री, त्याच जागी १५० मिमीच्या दुर्बिणीला शंभर-सव्वाशे पटीचा आयपीस लावला आणि थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवून पाहिले, तर त्याच्या कडेचे तारे एकेक करून चमकू लागतात आणि थोड्या वेळाने गाभ्यावरही बारीक कण दिसू लागतात. या गुच्छात लाखो तारे आहेत, हे वाक्य कितीदा वाचलेले असले तरी ते डोळ्यांना पटते ते या क्षणी.

दुसरी प्राप्ती बारकाव्याची. आकाशातील कोन अंश, कला आणि विकला यांत मोजतात. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. चंद्रबिंब साधारण अर्धा अंश, म्हणजे ३० कलांचे असते. गुरूचे बिंब अंतरानुसार सुमारे ३० ते ५० विकलांचे. एकमेकांना खेटून असलेले दोन तारे दुर्बिणीतून सुटे दिसण्याची मर्यादा विल्यम डॉज या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज निरीक्षकाच्या सूत्रावरून काढता येते: ११६ ला मिलिमीटरमधील व्यासाने भागायचे, उत्तर विकलांमध्ये येते. ७० मिमीला ही मर्यादा सुमारे १.७ विकला, ११४ मिमीला १ विकला, १५० मिमीला ०.८ च्या थोडी खाली. वसिष्ठ हा दुर्बिणीतून दोन ताऱ्यांत विभागलेला दिसतो (अरुंधती वेगळी, ती नुसत्या डोळ्यांनीही दिसते), त्या दोघांतील अंतर १४ विकलांहून अधिक असल्याने कोणतीही छोटी दुर्बीण ते सहज दाखवते. पुनर्वसूतील कॅस्टरच्या दोन ताऱ्यांत पाच-साडेपाच विकलांचे अंतर आहे. तिथे ७० मिमीला ८० ते १०० पट लावावी लागते. अभिजितजवळच्या ‘दुहेरी जोडतारा’ या प्रसिद्ध लक्ष्याच्या प्रत्येक जोडीत सव्वादोन-अडीच विकलांचे अंतर असल्याने ७० मिमीचा तिथे कस लागतो, तर १५० मिमी तेच काम आरामात करते.

या दोन गोष्टींवरून ‘किती पट’ या प्रश्नाचेही उत्तर मिळते. मिलिमीटरमधील व्यासाची दुप्पट ही उपयुक्त मोठेपणाची वरची मर्यादा समजावी: ७० मिमीला १४०, १३० मिमीला २६०. मात्र प्रत्यक्षात आपल्या डोक्यावरचे वातावरण ही मर्यादा बहुतेक रात्री आधीच आणून ठेवते. तापलेल्या गच्च्या, रस्ते आणि छपरे यांवरून उठणाऱ्या हवेमुळे प्रतिमा एक-दोन विकलांनी हलत राहते आणि दीडशे-दोनशे पटींच्या पुढे क्वचितच काही हाती लागते. ज्या कामांसाठी माणसे दुर्बीण घेतात त्यांतील बहुतेक कामे २५ ते १५० पटींत होतात. आकाश पाहण्याचा बराचसा काळ तर कमी पटीवरच जातो, कारण कमी पटीला क्षेत्र मोठे मिळते, वस्तू सापडते आणि प्रतिमा उजळ राहते. कृत्तिकांचा पुंजका जवळजवळ दोन अंशांचा आहे. तो अखंड पाहायचा तर २५-२६ पटीच लागते, आणि शंभर पटीने पाहिले तर त्यातील दोन-चार तारेच समोर राहतात.

अपर्चरची एक मर्यादा मात्र विक्रेते सांगत नाहीत. तारे आणि ग्रह यांच्या बाबतीत मोठा व्यास शहरातही उपयोगी पडतो, परंतु तेजोमेघ आणि दीर्घिका यांसारख्या पसरट वस्तूंच्या पृष्ठाचा उजळपणा कोणतीही दुर्बीण वाढवू शकत नाही. ती वस्तू मोठी दाखवते, आणि तिच्यासोबत पार्श्वभूमीचे उजळलेले आकाशही तितकेच मोठे दाखवते. ठाणे किंवा पिंपरी-चिंचवडच्या आकाशात २०० मिमीच्या दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेचा फक्त मधला धूसर ठिपका दिसतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील एखाद्या अंधाऱ्या गावात ८० मिमीची दुर्बीण तिचा लांबट विस्तार दाखवते. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो, आणि या सबंध लेखात मला सर्वांत महत्त्वाचा तोच वाटतो: ज्या दुर्बिणी आपण खरोखर उचलून अंधारात नेणार आहोत, त्यांपैकी सर्वांत मोठ्या व्यासाची दुर्बीण आपली.

कोणत्या प्रकारची दुर्बीण

भिंगाची दुर्बीण, म्हणजे रिफ्रॅक्टर, कमीत कमी कटकटीची असते. तिचे भिंग कारखान्यातच नीट बसवलेले असते, आपल्याला जुळवणी करावी लागत नाही, नळी बंद असल्याने धूळ आत जात नाही. ७० मिमी व्यास आणि ७०० किंवा ९०० मिमी फोकल लेंथची दुर्बीण चंद्र, गुरूचे चार उपग्रह आणि दोन मुख्य पट्टे, शनीची कडी, शुक्राच्या कला, जोडतारे आणि ठळक तारकागुच्छ यांसाठी पुरेशी आहे. दोष एकच: साध्या दोन भिंगांच्या जोडणीत सर्व रंग एकाच ठिकाणी केंद्रित होत नाहीत, त्यामुळे चंद्राच्या आणि गुरूच्या कडेला जांभळी झाक येते. फोकल लेंथ व्यासाच्या दहापट किंवा त्याहून अधिक असेल तर छोट्या व्यासात ही झाक सुसह्य असते. ‘प्रवासी दुर्बीण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ७० मिमी व्यास आणि ४०० मिमी फोकल लेंथच्या दुर्बिणीत ती खूपच जाणवते, शिवाय सोबतचा स्टँड बहुधा काडीसारखा असतो; ग्रह पाहण्यासाठी ती घेऊ नये.

आरशाची दुर्बीण, म्हणजे न्यूटनच्या रचनेची रिफ्लेक्टर, तेवढ्याच पैशांत सर्वाधिक व्यास देते, कारण भिंगाचे दोन काचेचे तुकडे मिळून चार पृष्ठभाग घासावे लागतात आणि आरशाचा एकच. न्यूटनने १६६८ मध्ये पहिली अशी दुर्बीण बनवली, तेव्हा रंगांच्या दोषातून सुटका हाच त्याचा हेतू होता. यात प्रकाश आयपीसकडे वळवणारा छोटा दुय्यम आरसा वाटेत येतो आणि प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश जातो, त्यामुळे १३० मिमीची आरशाची दुर्बीण प्रकाशाच्या बाबतीत ढोबळमानाने ११० मिमीच्या भिंगाच्या दुर्बिणीइतकी भरते. तरीही किमतीचा विचार करता पारडे आरशाकडेच झुकते. तिची निगा मात्र थोडी अधिक: आरसे अधूनमधून एका रेषेत आणावे लागतात, ज्याला कोलिमेशन म्हणतात. हे काम ऐकायला अवघड वाटते. चेशायर नावाचे साधे उपकरण मिळाले आणि कोणा जाणकाराने एकदा हातात स्क्रू देऊन दाखवले, की पाच मिनिटांचे होते.

आरशाबद्दल विक्रेत्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत. पहिला: आरसा पॅराबोलिक, म्हणजे सर्व किरण एकाच बिंदूत आणणाऱ्या परवलयाकार वक्राचा, आहे की गोलीय? ११४ मिमी व्यास आणि ९०० मिमी फोकल लेंथ असेल तर गोलीय आरसाही चालून जातो; १३० मिमी आणि ६५० मिमी या जोडीत तो पॅराबोलिकच हवा, नाहीतर जास्त पटीला प्रतिमा कधीच टोकदार होणार नाही. दुसरा प्रश्न नळीच्या लांबीचा. फोकल लेंथ १००० मिमी लिहिलेली आहे आणि नळी जेमतेम अर्धा मीटर लांब आहे, असे न्यूटनच्या रचनेत दिसले, तर फोकसरच्या तळाशी एक जादा भिंग बसवून फोकल लेंथ वाढवलेली असते. १२७ आणि ११४ मिमीच्या काही स्वस्त दुर्बिणी अशा असतात. त्यांचे कोलिमेशन नवख्याला फार त्रास देते आणि प्रतिमा मऊ राहते. त्या टाळाव्यात. मॅक्सुटोव्ह या प्रकारात भिंग आणि आरसा दोन्ही असतात, नळी आखूड असते आणि ग्रह उत्तम दिसतात, पण तेवढ्याच व्यासाला किंमत बरीच जास्त पडते. पहिल्या खरेदीत तिचा विचार फक्त जागेची फार अडचण असलेल्यांनी करावा.

स्टँड

अर्धा पैसा स्टँडसाठी आहे, हे मनाशी धरूनच बाजारात जावे. शंभर पटीने पाहताना दुर्बिणीचा प्रत्येक हादराही शंभर पट मोठा होतो. दुकानात दुर्बीण स्टँडवर लावून दूरच्या एखाद्या खांबावर किंवा पाटीवर फोकस करावी, नळीवर बोटाने हलकी टिचकी मारावी आणि प्रतिमा स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते आयपीसमधून पाहावे. दोन सेकंदांत थांबली तर उत्तम. पाच सेकंद झुलत राहिली तर त्या दुर्बिणीने ग्रह पाहणे ही शिक्षा होईल, कारण फोकस करण्यासाठी चाकाला हात लावला की प्रतिमा पुन्हा झुलू लागणार.

नवख्यासाठी वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा साधा स्टँड सर्वांत सोयीचा. त्याचाच एक प्रकार म्हणजे डॉब्सोनियन: जमिनीवर ठेवायची प्लायवूडची पेटी आणि त्यात झुलणारी नळी. सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर लोकांना आकाश दाखवणाऱ्या जॉन डॉब्सन यांनी तो लोकप्रिय केला, आणि सामान्य माणसाच्या हाती मोठा आरसा येण्याचे श्रेय मी तरी सर्वाधिक त्यांनाच देईन. यात ट्रायपॉड नाही, गिअर नाहीत, त्यामुळे पैसा आरशात जातो आणि थरथरही जवळजवळ नसते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे शंभर पटीच्या आयपीसमधून गुरू साधारण दोन मिनिटांत क्षेत्र ओलांडतो. नळीला हाताने हलकासा धक्का देत त्याच्यासोबत जाण्याची सवय एका संध्याकाळीत होते.

इक्वेटोरियल माऊंट, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरणारा स्टँड, दिसायला शास्त्रीय वाटतो, पण पहिल्या दुर्बिणीसोबत तो घेऊ नये असेच मी सांगेन. त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतक्याच उंचीवर असतो: नागपूरहून २१ अंश, पुण्याहून साडेअठरा, पणजीहून साडेपंधरा. हे माऊंट मुख्यतः युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांसाठी घडवलेले असल्याने इतक्या खाली अक्ष वळवला की काहींचे समतोलासाठी लावलेले वजन ट्रायपॉडच्या पायाला अडते. शिवाय मुंबई-पुण्यातील असंख्य घरांतून आणि गॅलऱ्यांतून उत्तर दिशा दिसतच नाही. मोटर लावून स्वतः वस्तू शोधणाऱ्या संगणकीय दुर्बिणींबाबत एवढेच: कमी बजेटमध्ये मोटरसाठी दिलेला प्रत्येक रुपया व्यासातून वजा होतो.

मग घ्यावी कोणती

तळमजल्यावर घर, अंगण किंवा सहज जाता येईल अशी गच्ची, आणि गाडीत मागची सीट मोकळी, अशी सोय असेल तर १५० मिमी व्यास आणि १२०० मिमी फोकल लेंथची डॉब्सोनियन घ्यावी. तिचे एकूण वजन साधारण पंधरा-सोळा किलो, नळी सुमारे सव्वा मीटर. फोकल लेंथ व्यासाच्या आठपट असल्यामुळे साधे आयपीसही तिच्यात चांगले काम करतात आणि कोलिमेशन थोडे चुकले तरी ती सांभाळून घेते. २०० मिमीची दुर्बीण याहून पावणेदोन पट प्रकाश देते आणि अनुभवी लोक तिचीच शिफारस करतात. पण ती वीस ते पंचवीस किलोंची असते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने ती घेतली तर पहिल्या उत्साहानंतर ती कोपऱ्यात उभी राहण्याची शक्यता मोठी. निर्णय घेण्यापूर्वी तेवढ्या वजनाची तांदळाची गोणी घरापासून गच्चीपर्यंत एकदा नेऊन पाहावी; उत्तर लगेच मिळते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, एसटीने किंवा लोकलने प्रवास करणाऱ्या बहुतेकांसाठी माझी पहिली पसंती टेबलावर ठेवायच्या छोट्या डॉब्सोनियनला आहे: व्यास १३० मिमी, फोकल लेंथ ६५० मिमी, आरसा पॅराबोलिक. २५ मिमीच्या आयपीसने तिला २६ पट मिळते, १० मिमीने ६५, आणि दुप्पट बार्लोने १३०. एवढ्यात पहिली दोन वर्षे आनंदाने जातात. तिच्यासाठी न डगमगणारे स्टूल मात्र हवे. फक्त गॅलरीतून चंद्र आणि ग्रह पाहायचे असतील तर लांब फोकल लेंथची ७० किंवा ८० मिमीची भिंगाची दुर्बीण आणि साधा, जाड पायांचा ट्रायपॉड पुरे. आणि यांपैकी काहीच नीट मिळेल इतके पैसे जमत नसतील, तर खेळण्यातली दुर्बीण न घेता १० पटीची ५० मिमीची दोन डोळ्यांची दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर, घ्यावी. ५० मिमी व्यास डोळ्याच्या पन्नासपट प्रकाश गोळा करतो. मृगातील तेजोमेघ, कृत्तिका, पुष्य नक्षत्रातील मधमाश्यांचा गुच्छ, धनू राशीतील आकाशगंगेचे पट्टे त्यात अप्रतिम दिसतात, आणि पुढे मोठी दुर्बीण आली तरी ही बायनॉक्युलर कधीच निकामी होत नाही.

आयपीस तपासण्यावाचून खरेदी पूर्ण समजू नये. आयपीसच्या नळीचा व्यास सव्वा इंच हवा; त्याहून बारीक, जुन्या मापाची नळी असेल तर पुढे चांगले आयपीस बसणारच नाहीत. त्यावर इंग्रजीत ‘एच २०’ किंवा ‘एसआर ४’ असे लिहिलेले असेल तर ते जुन्या, अरुंद क्षेत्राच्या रचनेचे आहेत असे समजावे. एसआर ४ मधून पाहताना तर डोळा काचेला जवळजवळ टेकवावा लागतो. दुर्बीण बाकी चांगली असेल तर तीच घेऊन २५ आणि १० मिमीचे प्लॉसल (अधिक रुंद क्षेत्राच्या रचनेचे) आयपीस वेगळे घेणे शहाणपणाचे. वस्तू शोधण्यासाठी नळीवर लावलेल्या छोट्या प्लास्टिकच्या शोधक दुर्बिणीपेक्षा लाल ठिपक्याचा फाईंडर नवख्याला अधिक सोपा जातो. आयपीसला लावायचे सूर्याचे काळे फिल्टर सोबत मिळाले तर ते तत्काळ टाकून द्यावेत: दुर्बिणीने केंद्रित केलेल्या उष्णतेने ते तडकू शकतात आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्य पाहायचाच असेल तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसणारा, खास सौरनिरीक्षणासाठी बनवलेला फिल्टरच वापरावा, आणि तेव्हा फाईंडर झाकून ठेवावा.

विकत घेण्यापूर्वी वेगवेगळ्या व्यासांच्या दुर्बिणींतून एकाच रात्री पाहता आले तर वरचे सारे आकडे अर्थपूर्ण होतात. पुण्यात १९४४ पासून कार्यरत असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था, वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन घेणारे मुंबईचे खगोल मंडळ, गोव्यातील असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी यांसारख्या हौशी संस्थांच्या कार्यक्रमांत ही संधी मिळते. तिथे रांगेत उभे राहून ‘ही किती मिमीची?’ असे विचारावे आणि तीच वस्तू पुढच्या दुर्बिणीतून पुन्हा पाहावी.

पहिल्या महिन्यात काय पाहावे आणि दुर्बीण कशी जपावी

सुरुवात चंद्राने करावी, तीही पौर्णिमेला नव्हे; सप्तमी-अष्टमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात आणि ७० मिमीलाही तिथे पाहून संपत नाही. नंतर गुरू: त्याच्या चार उपग्रहांच्या जागा सलग काही रात्री वहीत काढाव्यात, जसे गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये केले होते. शनीची कडी २०२५ मध्ये पृथ्वीवरून कडेने दिसत असल्यामुळे जवळजवळ दिसेनाशी झाली होती. आता ती वर्षागणिक उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास सर्वाधिक रुंद दिसतील, त्यामुळे सुरुवातीला ती बारीक दिसली तर दोष दुर्बिणीचा मानू नये. आपल्या अक्षांशाचा एक मोठा फायदाही आहे. ग्रह इथे बरेच उंच, कमी हवेतून दिसतात, आणि लंडनहून क्षितिजावर येतच नाही असा नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा महाकाय तारकागुच्छ पुण्याहून एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेला सुमारे २४ अंश उंचीवर येतो. दक्षिण क्षितिज मोकळे आणि अंधारे असेल तर १३० मिमीतून तो पाहणे चुकवू नये.

पाहण्याच्या अर्धा तास आधी दुर्बीण उघड्यावर ठेवावी, म्हणजे आरसा आणि नळीतील हवा बाहेरच्या तापमानाला येते. तोवर प्रतिमा उकळत असल्यासारखी दिसते आणि नवखा माणूस उगाच फोकस फिरवत बसतो. थंडीत पहाटे दव पडते, त्यामुळे भिंगाच्या पुढे जाड पुठ्ठ्याची किंवा योगासनाच्या जुन्या मॅटची नळी गुंडाळावी. ओले झालेले भिंग पुसू नये. दुर्बीण घरात आणून झाकण न लावता कोरडी होऊ द्यावी आणि मगच झाकावी. आरशावरची थोडी धूळ प्रतिमेचे काहीच बिघडवत नाही, पण रुमालाने पुसल्यास पडलेले ओरखडे कायमचे राहतात. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात खरा शत्रू पावसाळ्यातील बुरशी आहे. ती भिंगाच्या लेपावर जाळे विणते आणि काचेवर कायमचे डाग सोडते. जून लागण्यापूर्वी आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत, नळीच्या दोन्ही तोंडांना झाकणे लावून आतही पुड्या टाकाव्यात, आणि पुड्यांचे मणी रंग बदलले की ते मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरावेत. भर पावसाळ्यात एखाद्या दिवशी कडक ऊन पडले, तर दुर्बीण सावलीतच उघडून तासभर वारा लागू द्यावा आणि टॉर्च तिरपी धरून भिंग व आरसा तपासावा. बुरशीचे धागे सुरुवातीलाच दिसले तर ते साफ करून घेता येतात.